ओळख पटवणारा

मी एका बाईला नऊ वर्षे ओळखत होतो, आणि एका सकाळी साहेबांच्या टेबलाच्या कडेला बसून मी तिला ओळखत नाही असे सांगितले. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा सांगितले ते भीतीपोटी. दुसऱ्यांदा कशापोटी सांगितले याचे उत्तर मला बरीच वर्षे सापडले नाही. सापडले तेव्हा ते इतके ओंगळ होते, की सापडले नसते तर बरे झाले असते असे वाटले. ही गोष्ट मी पत्नीला सांगितली नव्हती. भावाला, मित्राला, कुणालाही सांगितली नव्हती. माझ्याविषयी गावात मत चांगले आहे. मी हळू बोलतो, कुणाला उलटून उत्तर देत नाही, लग्नकार्यात पंगतीला वाढायला उभा राहतो. हळू बोलणाऱ्या माणसाला लोक सज्जन समजतात. हा त्यांचा जुना गैरसमज आहे, आणि माझे अर्धे आयुष्य त्यावर निभावले आहे.

आमची सूतगिरणी एका फाट्यावर होती. चिखलीहून काळीपिवळी जीपने यायला अर्धा तास लागे, आणि जीप भरायला त्याहून अधिक. मी तिथे हजेरी कारकून होतो. फाटकाच्या आत डाव्या हाताला माझी खोली, खोलीला एक खिडकी, आणि खिडकीत हजेरीचे मस्टर. पाळी सुरू होताना कामगार रांगेने येत, सही करत किंवा अंगठा उठवत, आणि आपापल्या खात्याकडे जात. मिक्सिंग खात्यात सगळ्या बायका होत्या. गठाणीतून सोडलेल्या रुईच्या ढिगाभोवती बसून त्या तिच्यातले केस, सुतळीचे तुकडे, खताच्या पोत्याचे प्लास्टिक, वाळकी पाने वेचून काढत. रुईची लव नाकातोंडात जाऊ नये म्हणून जुन्या लुगड्याचे फडके डोळ्यांखालून घट्ट बांधलेले असे. पाळीवर येताना आणि पाळीवरून जाताना मला त्यांचे फक्त डोळे दिसत. तरीही मी प्रत्येकीला ओळखत असे आणि त्याचा मला अभिमान होता. 'फडक्यावरून नाही, डोळ्यांवरून सांगतो,' असे मी इतर कारकुनांना सांगितलेही होते.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यातून आले. गिरणीत कायम कामगारांची भरती फार पूर्वी बंद झाली होती. नवे नाव लागत नव्हते. म्हणून जुने नाव कुणी सुटू देत नसे. एखादी बाई म्हातारी झाली, बाळंतपणात अडकली, नवऱ्याबरोबर परगावी गेली, तर तिच्या जागी तिची जाऊ, बहीण किंवा सून येई आणि तिच्याच नावावर अंगठा उठवी. याला आम्ही 'कार्ड चालवणे' म्हणत असू. 'कोणाचं कार्ड चालवतं वं तू?' हा प्रश्न मिक्सिंगच्या बायका एकमेकींना मोकळेपणाने विचारत. कामावरचा मुकादम चेहरा पाहून काम देई, मी नाव पाहून हजेरी मांडी, आणि दोन्हींचा मेळ घालण्याची गरज कुणालाच वाटत नसे. मला ती वाटायला हवी होती. तेच माझे काम होते. पण ज्या घरचे कार्ड चाले त्या घरून हंगामात काहीतरी येई. तुरीची डाळ, हरभऱ्याचे डहाळे, मक्याची कणसे. ते मी मागितले नाही, आणि परतही केले नाही.

ही बाई तिच्या मोठ्या जावेचे कार्ड चालवत होती. जाऊ नवऱ्याबरोबर सुरतेला गेली होती ती तिकडचीच झाली. धाकटी आली तेव्हा पंचविशीची असेल. दर दिवाळीच्या आसपास ती टोपलीभर सीताफळे आणी आणि खिडकीखाली ठेवून, काही न बोलता निघून जाई. एका वर्षी मात्र ती थांबली. तोंडावरचे फडके तिने हनुवटीखाली ओढले.

"भाऊ, कार्डावर माहं नाव लावून द्या ना."

"कशाले? पगार हाती पडते ना?"

"पडते. पण अंगठा माहा अन् नाव तिचं. मले कसंसंच वाटते."

"नाव बदलाले गेलं की साहेब विचारतीन, ही कोण. मंग कार्डच जाईन. पाहा बा, तुमचं तुम्ही."

तिने टोपली पायाने भिंतीकडे सरकवली. मग म्हणाली, "राहू द्या मंग. तुम्ही हाये ना ओळखाले."

मी हसलो आणि "हो, हो" म्हणालो. तिचे नाव लावणे अशक्य नव्हते. एक अर्ज, एक शिफारस, व्यवस्थापकांपुढे दहा मिनिटांचे अवघड बोलणे, एवढेच लागले असते. पण तिचे कार्ड उघडे पडले असते तर बाकीची पडली असती, आणि त्या बाकीच्यांत एक कार्ड माझ्या मेहुण्याचे होते. पत्नीचा धाकटा भाऊ. मीच त्याला एका थकून घरी बसलेल्या माणसाच्या नावावर यंत्रखात्यात बसवला होता. त्या दिवशी मी सीताफळे घरी नेली. पत्नीने ती पिकायला तांदळात पुरून ठेवली. गोड निघाली.

गिरणीचे शेवटशेवटचे दिवस आठवले की माझ्या बोटांना अजून काहीतरी लागल्यासारखे होते. बीटीचे बियाणे आले तेव्हा पहिली दोन-तीन वर्षे आवारात कापूस मावत नव्हता आणि लोकांना वाटले की आता कायमची चंगळ झाली. पण बोंडअळीला जरब बसवणाऱ्या त्या बियाण्याला बाकीच्या किडी जुमानत नव्हत्या. पांढरी पिठासारखी कीड पानामागे बसे, तिचा चिकट पाझर फुटलेल्या बोंडांवर ठिबके. शेतकरी त्याला चिकटा म्हणत. तो कापूस गिरणीत आला की यंत्राच्या रुळांना गुंडाळून बसे. दर तासाला यंत्र थांबवायचे, रूळ खरवडायचे. दिवसभर चिकट रुई चिवडून मिक्सिंगच्या बायका बाहेर येत तेव्हा त्यांच्या बोटांना काळपट थर चढलेला असे, आणि त्या अंगठ्यांनी माझ्या मस्टरची पाने एकमेकांना डकत. मला त्याची शिसारी येई. मी खिडकीत एक ओले पोतेरे ठेवले होते. "हात पुसल्याशिवाय अंगठा लावायचा नाही," असे मी हळू आवाजातच, पण प्रत्येकीला सुनावत असे. त्या पोतेऱ्यालाही वास सुटला होता. ही बाई ते पोतेरे कधी वापरत नसे. ती आपल्याच पदराला हात पुसून मग अंगठा उठवी. मला तेव्हा तो तिचा ताठा वाटे.

लोक कापूस सोडून सोयाबीनकडे वळू लागले. गिरणीची देणी, विजेचे बिल, संचालकांची भांडणे हे वरचे वर चालले होते. आमच्यापर्यंत आली ती फक्त नोटीस. ती कणकेच्या खळीने फाटकाला चिकटवली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका शेळीने खळीसाठी तिचा खालचा अर्धा भाग चाटून फाडला होता. उरलेल्या अर्ध्यावर एवढेच वाचता येत होते, की गिरणी बंद करण्यात येत आहे. का, ते शेळीने खाल्ले.

त्यानंतर महिनाभराने कळले, की आमच्या पगारातून इतकी वर्षे कामगार विम्याची जी कपात होत होती तिच्यातच एक तरतूद होती: कारखाना बंद पडून नोकरी गेलेल्याला काही महिने पगाराचा काही हिस्सा बेकारी भत्ता म्हणून मिळे. आमच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नव्हते. बातमी फाट्यावर पसरली तेव्हा लोक आधी हसले. काम नसल्याचे पैसे कुणी देते का? मग अर्ज आले, आणि हसू थांबले.

मिक्सिंगच्या बायकांत या भत्त्याचा अर्थ वेगळा होता. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींची घरे, गिरणी बंद पडली की, ऊसतोडीची आगाऊ उचल घेऊन कोयता उचलणार होती. या बाईच्या नवऱ्यानेही ऊसतोडीच्या मुकादमाशी बोलणे लावले होते. ती मला फाट्यावर भेटली तेव्हा चेहरा मोकळा होता आणि ती जवळजवळ आनंदात होती.

"भाऊ, भत्ता भेटला का या साली उसाले जात नाही. मी सांगून देल्लं घरी. पोरगी सातवीत हाये. तिले नेलं संगं तं तिची शाळा गेली, अन् मांगं ठेवली तं तिच्यापाशी कोन?"

मी म्हटले, "मिळंन, मिळंन."

मला तेव्हाच जाणवले होते की कार्डावर नाव तिचे नाही. ते मी बोललो नाही. चांगल्या बातमीत खोट काढायला मला आवडत नाही, असे मी स्वतःला समजावले. खरे कारण इतकेच, की ते बोलणे अवघड होते.

अर्जांची ओळख पटवण्याचे काम गिरणीच्या बंद कॅन्टीनमध्ये ठेवले होते. बाहेरून एक साहेब आले. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे काही काळ मी मनातल्या मनात सगळा दोष त्यांच्यावर ढकलण्याचा प्रयत्न केला. त्यांना फक्त कार्डावरचा माणूस आणि समोरचा माणूस एकच आहे याची खात्री करायची होती, आणि कार्डांवरचे जुने फोटो पुसून गेल्यामुळे त्यासाठी गिरणीचा एक माहीतगार शेजारी हवा होता. व्यवस्थापकांनी माझे नाव दिले. कॅन्टीनमध्ये जुन्या तेलाचा खवट वास कोंडला होता. ज्या कढईत भजी तळली जात ती पालथी पडली होती आणि तिच्यावर पालीची घाण होती. साहेबांनी रुमाल टाकून खुर्चीवर बसकण मारली. मी शेजारी बसलो, बाहेर रांग लागली.

रांगेतले बोलणे आत ऐकू येत होते.

"चार फोटो मांगतात बे. नोकरीले लागलो तवा एकच लागला होता."

"मंग? कामाचा माणूस एका फोटोत मावते. बेकार माणूस चहूकडून पाहा लागते."

"तू काऊन आला बे? तू तं काम असतानीच बेकार होता."

लोक हसत होते. आत मी एकेकाला पाहून मान हलवत होतो. हो साहेब, हाच. हो साहेब, हीच. त्यात माझा मेहुणा आला. कार्डावरचे नाव एका साठीतल्या माणसाचे, मेहुणा तिशीचा. मी साहेबांच्या आधीच बोललो, "हो, हाच. कार्डावर वय लिहिताना चूक झालेली आहे साहेब, तेव्हा सगळीच कार्डं घाईत भरली होती." साहेबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग त्यांनी सही केली. पण पेन खाली ठेवून म्हणाले, "कारकून, एक लक्षात ठेवा. खोटी ओळख निघाली तर ओळख देणाऱ्याचाही अर्ज रद्द होईल. आणि पुढचेही काही होईल."

मी मान हलवली. माझा स्वतःचा अर्ज त्याच गठ्ठ्यात सगळ्यांत खाली होता.

मेहुण्यानंतर तीन माणसे गेली आणि मग ती आली. तिने धुतलेले लुगडे नेसले होते, डोक्यावरून पदर घेतला होता, आणि चेहरा मोकळा होता, कारण साहेबांपुढे तोंड बांधून जायचे नसते एवढे तिला समजत होते. साहेबांनी कार्ड पाहिले, तिला पाहिले.

"यावर वय एकावन्न आहे. या बाई एकावन्नच्या आहेत?"

तिने माझ्याकडे पाहिले. ती घाबरलेली नव्हती. खिडकीशी अंगठा उठवायच्या आधी मस्टर सरकवण्याची वाट पाहताना ती जसे पाही, तसेच तिने पाहिले.

"ओळखता का यांना?" साहेबांनी विचारले.

"नाही साहेब," मी म्हणालो.

मी ते हळूच म्हणालो. तिला ऐकू गेले नसावे असे मला क्षणभर वाटले. पण तिला ऐकू गेले होते. ती पुढे वाकली.

"काय म्हणता भाऊ? मी ना. मिक्सिंगची."

मी कार्डाकडे पाहत राहिलो. आणि मग तिने जे केले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिला वाटले, मी तिला गिरणीत एरवी तोंड बांधलेलीच पाहिली आहे, म्हणून मोकळ्या चेहऱ्याने मी चुकलो. तिने कमरेला खोचलेले ते जुने निळे फडके काढले, नाकातोंडावरून घट्ट आवळून मागे गाठ मारली, आणि फक्त डोळे उघडे ठेवून माझ्यासमोर ताठ उभी राहिली.

"हं. आता ओळखा."

कॅन्टीनच्या दारात लोक दाटले होते. त्यांच्यातल्या प्रत्येकाला ती कोण हे ठाऊक होते, आणि त्यांच्यातल्या कित्येकांचे स्वतःचे कार्ड दुसऱ्याचे होते. कुणी बोलले नाही. साहेब माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"नाही," मी म्हणालो. "मी या बाईंना ओळखत नाही."

याच दुसऱ्या 'नाही'चे कारण मी इतकी वर्षे शोधत होतो. भीती पहिल्या 'नाही'ने संपली होती. दुसरे 'नाही' म्हणताना मला तिचा राग आला होता, आणि रागाहूनही वाईट म्हणजे तिची किळस आली होती. ते मळके फडके, ती गाठ, ते सगळ्यांदेखत उभे राहणे. ही बाई इथून जात का नाही, असे मला वाटले. तिच्या बोटांची जशी मला खिडकीत शिसारी येत असे, तशीच त्या क्षणी तिची सगळीची आली. ती माझ्यावर विश्वास ठेवून उभी होती, याची आली. माणूस ज्याचा घात करतो त्याचीच त्याला घाण वाटू लागते. घातापेक्षाही मला स्वतःविषयी किळस वाटते ती या गोष्टीची.

तिने वाद घातला नाही. फडके सोडले, त्याची घडी घातली, कार्ड उचलले आणि ती गेली. साहेबांनी अर्जावर शेरा लिहिला. रांग पुढे सरकली. एका माणसाने दारातून हलक्या आवाजात विचारले, "कारकूनसाहेब, मले तं ओळखसान ना?" आणि एक-दोघे हसले. मी त्यालाही ओळखले. त्यानंतरच्या सगळ्यांना ओळखले.

माझा भत्ता मंजूर झाला. ठरलेल्या तारखेला जाऊन 'मी बेकार आहे, मला दुसरे काम मिळालेले नाही' अशा मजकुराखाली सही करावी लागे. त्या ओळीत खोटे काही नव्हते, आणि तरी ती सही करताना पेन दर वेळी मला बुळबुळीत वाटे. पहिला भत्ता मिळाला तेव्हा मेहुण्याने घरी मटण केले. "दाजी, तुमच्यानं भेटलं हे, घ्या अजून," म्हणत त्याने माझ्या ताटात वाढले. माझा घास अडला, मी उठून गेलो, असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही. मी दोनदा रस्सा घेतला आणि हाडही चोखले.

दिवाळीला पत्नीने विचारले, "ते सीताफळंवाली बाई आली नाही का यंदा?"

"गिरणीच नाही, तर कशाला येईल," मी म्हणालो.

"गिरणीच्या आधी माणुसकी नसते का?" ती म्हणाली. ती त्या बाईला बोल लावत होती. मी तो बोल तसाच राहू दिला. हेही त्याच खात्यात धरावे.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी फाट्यावर ऊसतोडीच्या ट्रॉल्या थांबल्या. भांडी, गोधड्या, कोंबड्यांचे डालगे, आणि वर बसलेली माणसे. वारा लागू नये म्हणून बायकांनी तोंडे बांधली होती. मी चहाच्या टपरीवर होतो. दुसऱ्या ट्रॉलीत एका बाईच्या मांडीला टेकून शाळेचा निळा फ्रॉक घातलेली एक मुलगी बसली होती. ज्या माणसाने डोळ्यांवरून सगळ्यांना ओळखल्याचा टेंभा मिरवला होता, त्याने त्या बाईच्या डोळ्यांकडे पाहिले नाही. मी टपरीच्या मागे गेलो आणि ट्रॉल्या निघून जाईपर्यंत तिथल्या उकिरड्यापाशी उभा राहिलो.

भत्ता संपल्यावर मला चिखलीत एका बियाण्यांच्या दुकानात बिले लिहायचे काम मिळाले. तिथे पेरणीच्या दिवसांत बीटीच्या पाकिटांसाठी झुंबड उडे. विकत घेणाऱ्याचे नाव बिलावर लिहावे लागे, कारण बियाणे उगवले नाही तर तक्रार त्याच नावाने करता येते. पुष्कळ जण म्हणत, "लिहा ना कोणाचंबी, बापाचं लिहा, भावाचं लिहा." मी हट्टाने प्रत्येकाला त्याचे स्वतःचे नाव विचारी आणि दोनदा वाचून दाखवी. मालक वैतागत. लोक म्हणत, माणूस चोख आहे. मला त्या स्तुतीचा वीट येई, पण मी तीही खोडून काढली नाही. शेतांतून जाताना कापूस वेचणाऱ्या बायका दिसत. त्या सगळ्याच तोंड बांधून काम करतात. बसच्या खिडकीतून मी मान फिरवून घेत असे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस असे, त्यामुळे मान कुठे फिरवावी हाही प्रश्नच असे.

अशी बरीच वर्षे गेली. मग ते वर्ष आले, ज्या वर्षी सगळ्या जगाला तोंड बांधून फिरावे लागले. लसीसाठी आम्हाला एका शाळेत बोलावले होते. लस टोचून झाली की वर्गात अर्धा तास बसवून ठेवत, कुणाला काही त्रास होतो का ते पाहायला. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. नाकातोंडावर मास्क, डोक्याला उन्हाचा रुमाल. माझेही आता फक्त डोळेच दिसत होते. दोन खुर्च्या सोडून पदर आवळून बसलेली एक बाई माझ्याकडे पाहत होती.

"भाऊ, तुम्ही गिरणीतले ना? खिडकीवाले?"

मी आवाज ओळखला. आणि मला हे लिहायला लाज वाटते, पण पहिले 'नाही' माझ्या घशापर्यंत आले होते. मास्क होता, वर्षे लोटली होती, नाही म्हणणे फार सोपे होते. तो शब्द मला जिभेवर जाणवला, कढईतल्या जुन्या तेलासारखा. मी तो गिळला.

"हो," मी म्हणालो.

"मी पाह्यल्या पाह्यल्याच म्हटलं. डोये तेच हायेत." तिने पदर सारखा केला. "तुम्ही मले ओळखत नाही, मले माहीत हाये."

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी कान टवकारले. "काऊन वं बाई? जुना व्यवहार हाये का काही?"

"व्यवहार कायचा बाबा," ती म्हणाली. "यायनं मले वळखलं असतं तं माहं घर एक साल उसाले गेलं नसतं. तेवढंच." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, जणू बाजारभाव सांगावा तशी बोलली: "मले तवा खरंच वाटलं, तोंड मोकयं हाये म्हणून नाही वळखलं. म्हणून बांधून दाखोलं. घरी जाता जाता अर्ध्या रस्त्यात समजलं. मंग तितंच बसली म्या बांधावर. पोरगी संगं नेली त्या साली. ते वापस आल्यावर काही शाळेत बसली नाही. म्हने, माह्या वर्गातल्या पुढं गेल्या."

"आता कशी आहे?" मी विचारले.

"हाये. लेकरंबाळं हायेत तिले. ते बी जाते उसाले."

म्हातारे गृहस्थ मघाचे कुतूहल विसरून जमिनीकडे पाहू लागले. वर्गात वीस-पंचवीस माणसे होती. मला वाटले, बाहेर जाऊन, शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली तिला गाठावे आणि दोन शब्द हळूच बोलावेत. ही माझी जुनी सवय. नाही म्हणालो होतो ते चारचौघांत; क्षमा मात्र झाडाआड मागावी, अशी सोय मी शोधत होतो. त्या सोयीचीही मला तिथल्या तिथे किळस आली.

मी उठून उभा राहिलो आणि मास्क काढला. दारातून परिचारिका ओरडली, "ओ काका, मास्क वर घ्या!" म्हातारे गृहस्थ तिला म्हणाले, "थांबा हो बाई, बोलू द्या त्यायले." मी तिला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारली. जावेच्या नव्हे. ते नाव मला पहिल्यापासून ठाऊक होते. ते ऐकून तिने पदर तोंडावरून खाली केला. माझा आवाज मोठा नाही, पण त्या दिवशी तो शेवटच्या बाकापर्यंत गेला असावा, कारण सगळ्यांनी माना वळवल्या.

"ताई, मी तुम्हाले ओळखत होतो. तोंड मोकळं होतं तेव्हाही ओळखलं, अन् तुम्ही फडकं बांधलं तेव्हाही ओळखलं. माह्या मेहुण्याले खोटी ओळख देल्ली होती, अन् माहा भत्ता जाईन म्हणून मी भ्यालो, म्हणून सगळ्यांसमोर खोटं बोललो. नाव लावाले तुम्ही आल्या होत्या, तेव्हाही मीच नाही लावलं. चूक तुमची नव्हती, कार्डाची नव्हती, साहेबाची नव्हती. माही होती. मले माफ करा म्हणाचा मले हक्क नाही, तरी म्हणतो. मले माफ करा."